शेजारच्याने बोलायचं : दापोली तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

शाळा सुरू झाल्या आणि गटही ठरला. आठवी ते बारावीची मुलं-मुली, वाचनालयाची मागची खोली, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी. गाव किनाऱ्याला लागून असल्यामुळे वाड्या बऱ्याच आहेत. कोळीवाडा, मोहल्ला, कुणबीवाडी, भंडारवाडा, बौद्धवाडी, आणि रस्त्याच्या वर काजूच्या बागांपलीकडे आदिवासी वाडी. प्रत्येक वाडीतून कोणीतरी आलंच पाहिजे, यासाठी मी आणि माझे सहकारी सर मे महिनाभर घरोघर फिरलो. आदिवासी वाडीतून बहीण-भाऊ आले आहेत. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली एक मुलगी आली आहे. ती इथल्याच शाळेत शिकते आणि आमच्यापेक्षा चांगलं मराठी लिहिते.

प्रकल्प कशासाठी, ते इथे एकदाच लिहून ठेवते. पूर्वग्रह ओळखायला शिकवणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एखाद्याला काही लागट बोललं गेलं की उत्तर द्यायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. तो बोलला तर 'लगेच मनाला लावून घेतोस' म्हणतात, गप्प बसला तर त्याला चालतं असं धरतात. शेजारी बसलेले सगळे मात्र मान खाली घालून मोबाइल बघत असतात. ती माणसं वाईट नसतात. काय बोलावं हे त्यांना कधी कोणी शिकवलेलंच नसतं. हा प्रकल्प त्या शेजारच्यांसाठी आहे.

२२ जून

चिठ्ठ्यांचा दिवस. नाव न घालता एक एक वाक्य लिहायचं, घरात, शाळेत, एसटी स्टँडवर, कुठेही ऐकलेलं. वाक्य 'एखाद्या माणसाबद्दल नको, अख्ख्या माणसांच्या गटाबद्दल हवं' एवढीच अट.

काही वाक्यं जशीच्या तशी उतरवते. 'त्यांच्याकडे जा, पण खाऊन येऊ नकोस.' 'कोळ्यांची पोरं शिकून काय करणार, शेवटी होडीवरच जायचं.' 'मोहल्ल्यातल्यांना अभ्यास कशाला, दहावी झाली की दुबई.' 'ते सवलतीवाले.' 'बागेत चोरी झाली ना, आधी नेपाळ्याला विचारा.' 'घाटी माणसावर विश्वास ठेवू नये.' 'आदिवासी वाडीतल्यांना पैसे हातात देऊ नयेत, संध्याकाळपर्यंत संपवतात.' 'काळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे.' मुंबईहून परत आलेल्या एका मुलीची चिठ्ठी तिच्या अक्षरावरून ओळखू आली. तिकडच्या शाळेत तिला म्हणायचे, 'कोकणातले लोक भावाभावांत कोर्टकचेऱ्या करतात.'

सगळ्या चिठ्ठ्या वाचल्यावर सर म्हणाले, यात शिवी एकही नाही. ते खरं आहे. बहुतेक वाक्यं काळजीच्या सुरातली आहेत, आईने डबा भरताना सांगितलेली, आजोबांनी ओटीवर बसून सांगितलेली. शिवी ऐकली की मुलाला कळतं की हे वाईट. मायेने सांगितलेलं वाक्य मात्र मूल बाजूला ठेवूच शकत नाही, कारण ते टाकायचं म्हणजे सांगणाऱ्यालाच टाकल्यासारखं वाटतं. या गटात कुणाच्याही आईबापाला वाईट म्हणायचं नाही, हे आजच ठरवलं. वाक्य तपासायचं, माणूस नाही.

६ जुलै

लावणी सुरू आहे, त्यामुळे निम्मा गट शेतावर. जे आले त्यांना मोठे कागद दिले आणि आठवणीने गावाचा नकाशा काढायला सांगितला.

कोळीवाड्यातल्या मुलीने आपल्या वाडीत मासळी वाळत घालायच्या एकूण एक मांडव्या काढल्या. कुणाच्या दारात जाळी विणायला बसतात, तेही. पावसाळ्यासाठी ओढून झाकून ठेवलेल्या होड्यांना तिने नावंसुद्धा दिली. त्याच कागदावर बौद्धवाडीच्या जागी नुसता एक गोल, वर नाव. मोहल्ल्यातल्या मुलाने मशिदीपासून बंदरापर्यंतची प्रत्येक गल्ली काढली आणि कुणबीवाडीत फक्त देऊळ आणि एक झाड. कुणबीवाडीतल्या मुलाने विहीर, गोठे, खळं, सहाण (पालखी ठेवायचा चौथरा), सगळं काढलं आणि मोहल्ला लिहिलाच नाही. खरं तर तो रोज मोहल्ल्यातून चालत शाळेत येतो. आदिवासी वाडी त्या बहीण-भावांच्या कागदाव्यतिरिक्त कुठेच नव्हती. तिथून खाली येणारी पाऊलवाट सगळ्यांच्या कागदावर होती, पण ती काजूच्या बागेत जाऊन संपत होती.

मग सगळे नकाशे जमिनीवर शेजारी शेजारी लावले आणि मी काहीच बोलले नाही. मुलंच बोलू लागली. 'स्मशानं किती आहेत रे आपल्याकडे?' असा प्रश्न एकाने विचारला आणि मोजायला लागले. प्रत्येक वाडीचं वेगळं. हे त्यांना माहीत होतं, पण प्रश्न म्हणून कधी पाहिलं नव्हतं. नववीतली एक मुलगी म्हणाली, 'मेल्यावर पण वाडी?'

कोकणात आडनावावरून जात नीट कळत नाही. गावाच्या नावाला 'कर' लावलं की झालं, आणि ते सगळ्याच जातींत चालतं. चौगुलेसारखी आडनावं हिंदूंत आहेत तशी मुसलमानांतही. म्हणून आपल्याकडचा खरा चौकशीचा प्रश्न 'वाडी कुठली?' हा असतो. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. नाव बदलणं चांगलंच आहे, आवश्यकही आहे. पण नकाशातला रिकामा गोल पाटी बदलून भरत नाही. ठरवलं की या महिन्यात प्रत्येकाने, ज्या वाडीत कधी गेलो नाही त्या वाडीतल्या गटमित्राच्या घरी एकदा जायचं, पाहुणा म्हणून. पाहणी करायला नव्हे.

१३ जुलै

रस्त्यावर झाड पडलं, वीज नाही. बसून नुसत्या गप्पा मारल्या आणि त्या गप्पांत करोनाचा विषय निघाला.

२०२० साली मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघाले तेव्हा कित्येक गावांनी रस्त्यात दगड-ओंडके टाकले होते. आलेल्यांना शाळेच्या वर्गात चौदा चौदा दिवस ठेवलं. या गटातली काही मुलं तेव्हा त्या वर्गांत होती, काही मुलं बाहेर होती. वर्गात असलेला एक मुलगा सांगत होता की त्याची सख्खी आत्या डबा फाटकापाशी ठेवून पाच पावलं मागे सरकायची. 'मला काही झालेलं नव्हतं, ताई. चाचणी पण चांगली आली होती. तरी शेवटपर्यंत चुलतभाऊ माझ्याजवळ आला नाही.' तो हे आत्याला दोष न देता सांगत होता. रोगाची भीती खरी होती, आणि ते अंतर तेव्हा पाळायलाच हवं होतं. पण चाचणी चांगली आल्यावरही अंतर तसंच राहिलं, हा भाग त्याच्या मनात अडकला आहे.

मग बौद्धवाडीतला मुलगा म्हणाला, 'तुला चौदा दिवस लागले कळायला. माझ्या आजोबांचं अख्खं आयुष्य गेलं.' आवाजात राग नव्हता. बराच वेळ कोणी बोललं नाही. पावसाचाच आवाज. माझ्या मते आजवरच्या सगळ्या बैठकांतली ही सगळ्यात मोलाची, आणि तिची काही तयारी केलेली नव्हती.

२० जुलै

एका पालकांनी वाचनालयात येऊन हरकत घेतली. 'पोरांच्या डोक्यात जात-धर्म नाहीये, तुम्ही कशाला घालता?' त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. मी त्यांना मुलांचे नकाशे दाखवले, कुणाचा कुठला ते न सांगता. त्यांनी बराच वेळ पाहिले. 'हे पोरांनी स्वतः काढलं?' एवढंच विचारलं आणि गेले. मुलाला बंद केलं नाही.

३ ऑगस्ट

पद्धतीचा विचार. या विषयावर जगात बरंच काम झालं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट नावाच्या शिक्षिकेने एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलं विभागली. एक दिवस एका रंगाच्या डोळ्यांची वरची, मग दुसऱ्या रंगाच्या. मुलं तासाभरात एकमेकांना हिणवू लागली. सरांना वाटत होतं की आपणही असं काही करावं. मी नको म्हटलं. तिथला वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा होता, त्यांना तो अनुभव नव्याने द्यावा लागला. आमच्या गटातल्या निम्म्या मुलांना तो रोज फुकट मिळतो. बाकीच्यांना शिकवण्यासाठी त्यांना पुन्हा त्यातून का न्यायचं?

दुसरी पद्धत मात्र मनात भरली. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळांमधला वर्णभेद मोडला गेला, तेव्हा गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं वाढली. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये तिथे धड्याचे तुकडे करून ते मुलांत वाटले. प्रत्येकाकडे एकच तुकडा. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही, म्हणून ज्याला 'ढ' म्हणून हसायचे त्याचंही कान देऊन ऐकावं लागतं. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ साली हेच म्हटलं होतं की लोक नुसते एकत्र आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागायला हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. आमच्याकडचं क्रिकेट पाहिलं की हे लगेच पटतं. सगळ्या वाड्यांची पोरं एकाच मैदानात खेळतात, पण संघ वाडीचे. जिंकली तरी वाडी, हरली तरी वाडी.

तर तुकड्यांचा धडा करायचा. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही, सगळे तुकडे आपल्या तालुक्यातलेच आहेत.

१० ऑगस्ट

पाच पाचच्या टोळ्या, प्रत्येक टोळीत वेगवेगळ्या वाड्यांतली मुलं, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी.

पहिल्या चिठ्ठीत मुरूडचे धोंडो केशव कर्वे. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यांच्याच गावाने घरच्यांवर बहिष्कार घातला. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. दुसऱ्या चिठ्ठीत पालगडचे साने गुरुजी. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. तिसरीत वणंदच्या रमाबाई आंबेडकर. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. चौथीत गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेबद्दल धर्माच्या जाणकारांना सवाल करणारी पुस्तिका काढली. पाचवीत दापोलीची शाळा. ब्रिटिशांच्या काळात दापोलीला लष्कराचं ठाणं होतं, म्हणून तर लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात. तिथे लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहायचे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. या पेन्शनरांच्या मुलांना शाळेत वर्गाबाहेर, पडवीत बसवत, आणि १८९० च्या दशकात त्याविरुद्ध त्यांनी सरकारकडे अर्ज केले.

कोळीवाड्यातली मुलगी रमाबाईंचा तुकडा सांगत होती. टोपल्यांचं वाक्य आलं तशी थांबली आणि म्हणाली, 'म्हणजे मासळीची टोपली त्यांच्याकडे पण होती.' तिच्या टोळीत बौद्धवाडीतला मुलगा होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. दोघं मग बाकीचं सोडून दाभोळ बंदराबद्दलच बोलत बसली, मी मध्ये पडले नाही.

पडवीचा तुकडा आदिवासी वाडीतल्या मुलाकडे होता. एरवी तो बोलतच नाही. आज त्याला बोलावंच लागलं, कारण त्याच्याशिवाय तो तुकडा कोणाकडेच नव्हता. त्याने वाचून दाखवलं, मग कागद खाली ठेवून विचारलं, 'पडवीतून फळा दिसायचा का?' टोळीतल्या मुलांनी लगेच उठून करून पाहिलं. दोघं बाहेर पडवीत जाऊन बसली, एकाने आत फळ्यावर गणित लिहिलं. पाऊस होता, पागोळ्या गळत होत्या. बाहेरच्यांना उत्तर सोडा, आकडेही नीट दिसले नाहीत.

२४ ऑगस्ट

आता बोलण्याचा सराव. तीन खुर्च्या, एक बोलणारा, एक ज्याच्याबद्दल बोललं जातं तो, एक शेजारचा. वाक्य जूनमधल्या चिठ्ठ्यांतलं. एक नियम आम्ही कडक पाळतो. ज्याच्या वाडीबद्दल, धर्माबद्दल, गावाबद्दल वाक्य आहे, त्याला मधल्या खुर्चीत बसवायचं नाही. ते काम त्याने आयुष्यात पुरेसं केलेलं आहे.

वाक्य होतं, 'त्यांच्याकडे जा, पण खाऊन येऊ नकोस.' शेजारच्याच्या खुर्चीतल्या अकरावीच्या मुलाने समतेवर भाषण सुरू केलं, राज्यघटना, महापुरुष, सगळं. सगळं बरोबर, पण बोलणारा पहिल्या मिनिटातच हसू लागला आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो अजूनच अवघडून गेला. मग कुणबीवाडीतली मुलगी त्या खुर्चीत बसली. तिने फक्त विचारलं, 'तू कधी खाल्लंयस त्यांच्याकडे?' बोलणारा गप्प. त्याला नाटकातसुद्धा उत्तर सुचेना.

वलंगकरांनीही सवालच केले होते, ही आठवण मुलांनीच काढली. भाषणाला माणूस भिंत उभी करतो, प्रश्नाला त्याला उत्तर शोधावं लागतं. मग आणखी वाक्यं निघाली. 'तुला हे कोणी सांगितलं?' 'सगळे म्हणजे कोण कोण? नावं सांग.' 'माझ्यासमोर असं नको बोलूस.' आणि बोलणारा ऐकण्यातला नसेल तर सरळ विषय बदलून ज्याला लागलंय त्याच्याशी बोलायला लागायचं, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. मी मुलांना विचारलं की यातलं सगळ्यात उपयोगाचं कुठलं. बौद्धवाडीतला मुलगा म्हणाला, 'नंतर एकट्याला गाठून कोणी म्हटलं ना, की मी ऐकलं, ते चुकीचं होतं, तरी पुरे आहे. आपल्यालाच भास झाला की काय असं वाटत राहतं, ते थांबतं.' हे मी फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं.

गणपती तोंडावर आले आहेत, वाड्यावाड्यांत जाखडी नाचाच्या तालमी. शक्तीवाले आणि तुरेवाले या जाखडीतल्या दोन पक्षांचा सवाल-जवाब मुलांच्या अंगात भिनलेला आहे, म्हणून काहींनी आपल्या परीने रचना केली:

*वाडी विचारून पाणी देशी, तहानेची रे वाडी कुठली?*
*पऱ्याला नाही शीव ठाऊक, त्याची घागर वेगळी कुठली?*

पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. चाल त्यांनीच बसवली. मोहल्ल्यातला मुलगा ढोलकीवर होता.

२१ सप्टेंबर

गणपती गेले, चाकरमानी परतले, गट पुन्हा जमला. कोणी कुठे तोंड उघडलं, ते सांगायचा दिवस.

एसटीतला प्रसंग. कोळीवाड्यातल्या एक आजी रिकामी टोपली घेऊन चढल्या. टोपली धुतलेली होती, वर प्लास्टिक बांधलेलं. सीटवरची एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, 'या लोकांसाठी वेगळी गाडी सोडायला हवी.' भंडारवाड्यातली आमची दहावीतली मुलगी मागे उभी होती. तिने सांगितलं, 'मला प्रश्नबिश्न काही आठवलं नाही. छाती नुसती धडधडत होती. मी म्हटलं, आजी, इकडे या, टोपली माझ्या पायाशी ठेवा.' मग ती स्वतःची खिडकी सोडून आजींना बसायला देऊन उभी राहिली. ती बाई पुढे काही बोलली नाही. आजींनी उतरताना तिला कुठल्या वाडीची, असं विचारलं. मुलीने वाडी सांगितली नाही, स्वतःचं नाव सांगितलं.

सगळंच असं झालं नाही. एका मुलाने घरी जेवताना काकांना 'तुम्हाला हे कोणी सांगितलं?' असं विचारलं आणि काकांनी ताटावरून उठवलं. आईने मध्यस्थी केली, पण घरात दोन दिवस अबोला. त्याच्याशी वेगळं बसून बोलले. मोठ्यांच्या पुढे, सगळ्यांच्या देखत, एकट्याने विचारायची सक्ती कुणालाच नाही. जिथे मार पडेल किंवा घराबाहेर काढतील असं वाटतं तिथे आधी स्वतःला सांभाळायचं, आणि आम्हाला येऊन सांगायचं. धाडस कुठे करायचं हे ठरवण्याचा हक्क मुलांचा आहे, आमचा नाही. काकांना भेटायला सर जाणार आहेत.

५ ऑक्टोबर

मोबाइलवर फिरणारा एक मजकूर मुलांनी दाखवला, अमुक लोकांच्या फेरीवाल्यांकडून काही घेऊ नका, अशा अर्थाचा. कोणी पाठवला, कधीचा, कुठला, काही नाही. 'पुढे पाठवा' एवढंच ठळक.

त्यांना राईनपाड्याचं सांगितलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश सगळीकडे फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, जमावाने ठार मारली. अफवा फोनवर आली, पण तिने पकडलं नेमकं त्यांनाच, ज्यांच्याबद्दल 'हे भटके, यांचा भरवसा नाही' असं आधीपासून मनात होतं. अफवेला जागा पूर्वग्रहच करून देतो.

फोन नव्हते तेव्हाही हेच झालेलं आहे, आणि ते आपल्या कोकणातच, महाडला. तिथे जायचं ठरलं.

१९ ऑक्टोबर

कायद्याची बैठक, थोडक्यात. घटनेचं कलम १७, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. मुलांना जास्त ओळखीचा वाटला तो सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. २०१६ मध्ये झाला, जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाळीत टाकणं काय असतं हे कोकणातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. गावकीने बोलणं बंद केलं, पालखी दारात आली नाही, मयताला कोणी खांदा दिला नाही, अशा गोष्टी त्यांनी ऐकल्या आहेत. तो गुन्हा आहे, हे मात्र बऱ्याच जणांना नवीन होतं.

९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. पऱ्यावर वनराई बंधारा घातला. दापोलीला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वरच्या वाड्या हंड्यांच्या रांगा लावतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती आणि वाळू, तोंड शिवून एकावर एक रचायच्या. मिसळून टोळ्या केल्या, वाडीप्रमाणे नाही. बंधारा कुठे घालायचा यावरून जोरात वाद झाला, कारण पाणी कोणत्या वाडीच्या विहिरीला पाझरणार हा खरा प्रश्न होता. जागा शेवटी आदिवासी वाडीतल्या मुलीने दाखवली. पऱ्याचा तळ कुठे कातळाचा आणि कुठे वाहून जाणारा, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत पाणी गुडघाभर चढलं. जेवण सगळ्यांच्या डब्यांतून, एकाच केळीच्या पानांच्या पंगतीत.

जूनमधली 'खाऊन येऊ नकोस' ही चिठ्ठी ज्याने लिहिली असेल, तो या पंगतीत होता. मला कोण ते माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

१ डिसेंबर, रविवार

महाड. मंडणगडमार्गे गेलो, वाटेत आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी थांबलो.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मुलांनीच सांगितलं, मी तुकडे आधी वाटून ठेवले होते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, कागदावर. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि त्यानंतर अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन लोक मांडवात घुसले, जेवायला बसलेल्यांना, गावाकडे परत निघालेल्यांना मारलं. मग तळं 'शुद्ध' करून घेतलं.

'एका अफवेवर?' असं मोहल्ल्यातल्या मुलाने विचारलं. सर म्हणाले, अफवा एकच, पण ती खरी वाटायला तयार असलेली माणसं पुष्कळ.

त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, ते जन्माने ब्राह्मण. टिपणीस, फत्तेखान, सहस्रबुद्धे. तळ्याचं पाणी या तिघांना कधीच बंद नव्हतं. तिघंही शेजारच्याच्या खुर्चीतले, हे भंडारवाड्यातल्या मुलीने ओळखलं. पण बौद्धवाडीतल्या मुलाने लगेच दुरुस्ती केली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: 'ते होते म्हणून सत्याग्रह झाला नाही. आमची माणसं निघाली, म्हणून त्यांना सोबत जाता आलं.' खटला चालू राहिला आणि तळं सगळ्यांचं आहे हा उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. एवढा वेळ लागतो हे ऐकून मुलं हिरमुसतील असं वाटलं होतं. उलट त्यांनी विचारलं, या दहा वर्षांत रोजचं पाणी कुठून आणत होते?

१४ डिसेंबर

या सत्रातली शेवटची बैठक, पण गट मोडलेला आहे. दिवाळीनंतर आदिवासी वाडीतली बरीच घरं भट्टीच्या कामाला गेली, बहीण-भाऊही त्यांच्यासोबत. पावसाच्या तोंडावर परत येतील. बंधाऱ्याची जागा दाखवणारी मुलगी आज विटा वाहत असेल, आणि शाळेच्या पटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी पडते आहे. गटाने आज बाकी सगळे विषय बाजूला ठेवले. एकाने चिठ्ठ्यांतली वाक्यं आठवून सांगितलं, 'त्यांना शिक्षणाची आवडच नसते' असं उद्या कोणीतरी म्हणणार, आणि ते म्हणायच्या आधी आपण काहीतरी करायला हवं.

ठरलेलं असं. शिक्षण हक्क कायद्याखाली चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला जवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात बसता येतं, धाकटा भाऊ त्यात बसतो. भट्टीच्या गावातल्या शाळेत त्याला बसवून घेतात का, याची चौकशी सर करणार. बहीण दहावीत आहे, तिचा परीक्षेचा अर्ज भरला गेला आहे का हे सोमवारीच पाहायचं. तिची पुस्तकं, वह्या आणि प्रत्येक विषयाच्या टिपणांचा गठ्ठा भट्टीवर पोहोचवायचा. टिपणं मुलांनी वाटून घेतली आहेत, इंग्रजी नेपाळी मुलीकडे, बीजगणित अकरावीतल्या मुलाकडे. मुख्याध्यापकांना पत्र मुलंच लिहिणार, सह्या सगळ्यांच्या, वाडी न लिहिता. पालकांपैकी जुलैत हरकत घेऊन गेलेल्या गृहस्थांची रिक्षा आहे. भट्टीवर न्यायला ते तयार आहेत, भाडं घेणार नाहीत म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी सातला निघायचं.